आसवांना वाट देणारी गाणी

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका दुपारी आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी धर्मगुरुनिवासात आली. तिच्या आईचा दफनविधी आम्हीच तीन आठवड्यांपूर्वी केला होता. खुर्चीच्या कडेवर ती बराच वेळ नुसती बसून राहिली. महिन्याच्या मिस्सेची नोंद करायला आली असावी, असे समजून आम्ही वही उघडली. तेव्हा ती म्हणाली, “फादर, मिस्सेचे नंतर सांगते. मला रडूच येत नाही. आई गेली त्या दिवसापासून डोळ्यांत एक थेंब नाही. घरातले म्हणतात, पोरगी दगडाची आहे. हे पाप आहे का?”

हे पाप नव्हे, एवढे सांगायला क्षण पुरला. परंतु तेवढ्याने तिचे समाधान होणार नव्हते आणि आमचेही झाले नसते. सेमिनरीत नऊ वर्षे घोकलेले तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मनातल्या मनात चाळून पाहिले. मग एक कोरा कागद घेतला आणि त्यावर चार इंग्रजी गाण्यांची नावे लिहून दिली. “रात्री घर निजले की एकटीने ऐक,” असे सांगितले. ती कागदाकडे आणि मग आमच्याकडे पाहत राहिली. आमच्याकडून नोव्हेनाचे पुस्तक मिळेल, अशी तिची अपेक्षा असावी.

तिच्या अनुमतीनेच हा प्रसंग येथे लिहीत आहोत. वाचकांपैकी काहींना हा उपाय विपरीत वाटेल. एका धर्मगुरूने शोकाकुल मुलीला पाश्चात्त्य गाण्यांची यादी द्यावी, हे कसले मार्गदर्शन? म्हणून त्या कागदामागची हकिकत सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते. तीत आमच्या मोठेपणाचे काही नाही.

प्रथम कोणीही विचारील असा प्रश्न घेऊ. आपल्या मराठी गीतांत काय उणे आहे? उणे काहीच नाही. उणे आहे ते आमच्यात. आज सव्वीस-सत्तावीस वर्षे आम्ही दफनविधीची गीते म्हणत आलो आहोत. शवपेटी समोर असते, लोक हुंदके देत असतात आणि त्या वेळी धर्मगुरूचा स्वर कापून चालत नाही. पहिल्या काही वर्षांत आम्ही दात आवळून हा स्वर सांभाळला. पुढे तो आपोआप सांभाळला जाऊ लागला. ते शब्द झिजले नाहीत, त्यांना धरणारा आमचा हात मात्र निबर झाला. परक्या भाषेतले गाणे मागील दाराने येते. पुढच्या दारी आमचा झगा राखण करीत उभा असतो. मागच्या दारी कोणी नसते. आमच्या बाबतीत तरी असेच घडले.

आमचे वडील वाडीवाले. केळी, पानवेली आणि थोडा भाजीपाला यांवर त्यांनी संसार केला. बोलणे अगदी मोजके. १९८८ साली बारावीनंतर सेमिनरीत जाण्याचा मनोदय आम्ही त्यांना सांगितला, तेव्हा ते विहिरीपाशी पंप दुरुस्त करीत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारले, “मग वाडी कोण पाहणार?” आम्ही उत्तर दिले नाही. धाकटा भाऊ तेव्हा दहा वर्षांचा होता. त्यानंतर तो प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. पुढे भाऊ मुंबईला नोकरीस लागला, वडिलांचे गुडघे धरले आणि अर्धी वाडी विकली गेली. ज्या दिवशी विक्रीच्या कागदावर त्यांनी सही केली, त्या दिवशी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात लोकांना त्यागाविषयी प्रवचन देत होतो.

१९९८ साली आम्हांला गुरुदीक्षा मिळाली. दीक्षेनंतर वडिलांनी आमच्या अभिषिक्त तळहातांचे चुंबन घेतले आणि त्या घडीपासून ते आम्हांला ‘फादर’ म्हणू लागले, अहो-जाहो करू लागले. आपल्या समाजात ही रीतच आहे आणि तीत आदर आहे, हे आम्ही जाणतो. तथापि त्यांच्या तोंडचे आमचे घरचे नाव गेले ते गेलेच.

२००९ च्या जुलै महिन्यात ते इस्पितळात होते. एका शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास आम्ही तेथे गेलो, त्यांना तैलाभ्यंग दिला, सर्व प्रार्थना पुस्तकाप्रमाणे म्हटल्या. विधी संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि क्षीण आवाजात विचारले, “फादर, जेवलात का?” आम्ही जेवलो नव्हतो. पण धर्मग्रामात एक सभा आमच्यासाठी खोळंबली होती. आम्ही ‘हो’ म्हणालो. जसे कोणाही आजाऱ्याला म्हणतो तसेच. “उद्या मिस्सा आटोपून येतो,” असे सांगून निघालो. एकवीस वर्षांपूर्वीच्या त्या प्रश्नाविषयी काही बोलावे, वाडीविषयी काही म्हणावे, असे जिन्यावर आले होते मनात. उद्यावर टाकले.

रविवारी पहाटे फोन आला. देवळात लोक येऊन बसले होते, दुसरा धर्मगुरू नव्हता. दोन्ही मिस्सा म्हटल्या आणि मग घरी गेलो. दफनविधीची मिस्साही आम्हीच अर्पण केली, प्रवचनही दिले. धाकटा भाऊ शवपेटीवर कोसळून मोठ्याने रडू लागला, तेव्हा आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी म्हणालो, “आवर, लोक पाहत आहेत.” त्याने आवरले. आमच्या डोळ्यांना पाणी आले नाही. नंतर कितीतरी जणांनी ‘फादरांचा धीर पाहा’ म्हणून कौतुक केले आणि लाज वाटते सांगायला, ते कौतुक आम्हांला गोड लागले.

पुढे सात महिने असेच गेले. झोप उडाली. क्षुल्लक कारणावरून संतापाचे झटके येऊ लागले. एकदा तर वेदीसेवक मुलांपैकी एकाला घंटा चुकीच्या वेळी वाजविल्याबद्दल सर्वांदेखत झापले. आपल्याला काय होत आहे, हे आम्हांला कळत नव्हते. कामाचा ताण आहे, असे आम्ही सर्वांना सांगत होतो.

२०१० च्या फेब्रुवारीत एका रात्री आजाऱ्याला संस्कार देऊन परत येत होतो. जहाजावर नोकरी करणारे आणि सुटीवर आलेले एक गृहस्थ आपल्या मोटारीतून आम्हांला सोडीत होते. मोटारीत इंग्रजी गाणी हळू आवाजात चालू होती. मिठागरांच्या बाजूने जाताना एक गाणे लागले. ते आम्ही ओळखले. १९८९ साली, गोरेगावच्या सेमिनरीत, करमणुकीच्या तासाला एका सोबत्याच्या टेपवर ते वारंवार वाजत असे. त्या वेळी आम्ही एकोणीस वर्षांचे होतो. चाल बरी आहे, यापलीकडे काही वाटले नव्हते. गाणे तेच होते, ऐकणारा बदलला होता. आम्ही त्या गृहस्थांना मोटार थांबवायला सांगितले. आणि मग जे झाले ते रडणे होते, असे म्हणणेही कमी पडेल. सात महिन्यांचे की एकवीस वर्षांचे, कोण जाणे. ‘जेवलात का’ एवढेच शब्द कानांत होते.

ते गृहस्थ काही बोलले नाहीत. खाली उतरले, थोडे दूर जाऊन पाठमोरे उभे राहिले. बऱ्याच वेळाने परत आले, बसले आणि एवढेच म्हणाले, “फादर, मी बोटीवर असताना माझे वडील गेले. बंदर लागायला अकरा दिवस होते. मी इंजिनरूममध्ये हेच गाणे लावून रडलो.” मग त्यांनी ते गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले.

त्या गाण्याचे नाव ‘द लिव्हिंग इयर्स’. ‘माइक अँड द मेकॅनिक्स’ या इंग्रज वाद्यवृंदाने ते १९८८ साली ध्वनिमुद्रित केले आणि १९८९ च्या मार्चमध्ये अमेरिकेतही ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. वाद्यवृंदाचे प्रमुख माइक रदरफोर्ड यांचे वडील नौदलात अधिकारी होते. १९८६ साली ते वारले तेव्हा मुलगा अमेरिकेत गाण्याच्या दौऱ्यावर होता. गाण्याचे शब्द प्रामुख्याने बी. ए. रॉबर्टसन यांचे. त्यांनीही त्याच सुमारास वडील गमावले होते. आणि ज्यांनी ते गायिले त्या पॉल कॅरॅक यांचे वडील तर ते अकरा वर्षांचे असतानाच गेले होते. तीन पुरुष, तिघांचेही वडील गेलेले, आणि तिघांनी मिळून केलेले एक गाणे. वडील जिवंत असताना जे बोलायचे ते बोलून घ्यावे, नंतर फार उशीर होतो, हा त्याचा सारा आशय. शेवटाकडे लहान मुलांचा गायकवृंद त्यात सामील होतो. ते कोवळे आवाज येतात तेथे निबरातला निबर माणूसही टिकत नाही, हा आमचा अनुभव.

त्या रात्री धर्मगुरुनिवासात परतल्यावर आम्ही संत ऑगस्टीनचे ‘कन्फेशन्स’ काढले. त्याचा नववा भाग सेमिनरीत परीक्षेसाठी वाचला होता. त्या रात्री तो स्वतःसाठी वाचला. इ. स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ऑस्टिया बंदरात त्याची आई, संत मोनिका, वारली. ऑगस्टीनने आपल्या हातांनी तिचे डोळे मिटले. त्याचा मुलगा अदेओदातुस मोठ्याने रडू लागला, तेव्हा सर्वांनी त्याला गप्प केले. ख्रिस्ती माणसाच्या मृत्यूवर असा विलाप शोभत नाही, असे त्यांना वाटले. ऑगस्टीनने स्वतः दफनाच्या वेळीही अश्रू येऊ दिले नाहीत. दुःख हलके व्हावे म्हणून त्याने स्नान केले. ते हलके झाले नाही. मग तो झोपला. जागा झाला तेव्हा अंथरुणावर एकट्याला मिलानच्या संत अँब्रोझने रचलेल्या एका गीताच्या ओळी आठवल्या आणि बांध फुटला. आपण आईसाठी तासाचा काही भाग रडलो, याबद्दल कोणाला हसायचे असेल तर त्याने हसू नये, अशा अर्थाची विनवणी तो वाचकाला करतो.

सोळाशे वर्षांपूर्वीचा तो प्रसंग वाचताना आम्ही खुर्चीत सरळ होऊन बसलो. शवपेटीवर रडणाऱ्या मुलाला गप्प करणारे लोक तेथे होते, कोरड्या डोळ्यांनी उभा असलेला विद्वान तेथे होता आणि त्याला सोडविणारे गाणेही तेथे होते. उपदेशाने ऑगस्टीन रडला नाही. स्वतः उत्तम वक्ता असलेल्या त्या माणसाला स्वतःच्या शब्दांनीही रडविले नाही. दुसऱ्याने रचलेले गाणे त्याला लागले.

तेव्हापासून आम्ही अशा गाण्यांकडे निराळ्या आदराने पाहू लागलो. त्या मुलीला दिलेल्या कागदावरची इतर तीन नावे त्यातूनच आली.

दुसरे गाणे एरिक क्लॅप्टन यांचे ‘टिअर्स इन हेवन’. २० मार्च १९९१ रोजी न्यूयॉर्कमधील एका उंच इमारतीच्या त्रेपन्नाव्या मजल्याच्या खिडकीतून क्लॅप्टन यांचा चार वर्षांचा मुलगा कॉनर खाली पडून मरण पावला. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी विल जेनिंग्ज यांच्या साहाय्याने हे गाणे रचले. ‘रश’ नावाच्या चित्रपटात ते आले आणि १९९३ साली त्याला तीन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. या गाण्यात आक्रोश नाही. स्वर्गात मुलगा आपल्याला ओळखील का, असा एक साधा प्रश्न त्यात बाप विचारतो. ईशज्ञानाच्या जाड पुस्तकांत पुनरुत्थित शरीराविषयी आम्ही पुष्कळ वाचले आहे. पण लेकरू गमावलेल्या आईबापांच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, हे आम्हांला त्या गाण्याने शिकविले. विशेष असे, की २००४ च्या सुमारास क्लॅप्टन यांनी काही काळ हे गाणे जाहीर कार्यक्रमांत गाणे थांबविले. ज्या दुःखातून ते आले होते ते दुःख आता तसे जाणवत नाही, असे त्यांना वाटले. गाण्याचे काम झाले होते. अश्रूंनाही शेवट असतो, हा दिलासाही त्या गाण्याच्या कथेत आहे.

तिसरे ‘टेक माय हॅण्ड, प्रेशस लॉर्ड’. शिकागोचे टॉमस डॉर्सी हे कृष्णवर्णीय संगीतकार. तरुणपणी ते ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज वाजवीत असत. पुढे भक्तिसंगीताकडे वळले. १९३२ च्या ऑगस्टमध्ये एका धार्मिक मेळाव्यात गाण्यासाठी ते सेंट लुईसला गेले. घरी पत्नी नेटी गरोदर होती. मेळाव्यातच तार आली, की बाळंतपणात नेटी गेली. ते घरी धावले. नवजात मुलगाही लवकरच गेला. देवाने आपल्यावर अन्याय केला, असे त्यांना वाटले आणि त्याच्यासाठी पुन्हा गाणे रचावे, अशी इच्छा उरली नाही. काही दिवसांनी ते एका पियानोपाशी बसले असताना बोटे एका जुन्या भक्तिगीताच्या चालीवर फिरू लागली आणि शब्द आले. थकलो आहे, माझा हात धर, एवढीच मागणी. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत महालिया जॅक्सन यांनी हे गाणे गायिले आणि १९७२ साली महालिया गेल्या तेव्हा त्यांच्या अंत्यविधीत ॲरेथा फ्रँकलिन यांनी तेच गायिले. एका माणसाचा शोक असा हातोहात पुढे जात राहिला. ज्यांना देवाचाच राग आला आहे, त्यांना आम्ही हे गाणे सुचवितो. ज्याने ते रचले त्यालाही आला होता.

चौथे ‘डॅनी बॉय’. ही चाल आयर्लंडच्या उत्तर भागातील. लिमावाडी गावच्या जेन रॉस यांनी ती टिपून घेतली आणि १८५५ साली ती छापली गेली. शब्द मात्र फ्रेडरिक वेदर्ली या इंग्रज वकिलाचे. त्यांनी ते १९१० मध्ये दुसऱ्या एका चालीसाठी लिहिले होते. अमेरिकेत राहणाऱ्या त्यांच्या भावजयीने ही आयरिश चाल त्यांना पाठविली, तेव्हा त्यांनी शब्द तिच्यावर बसविले आणि १९१३ साली गाणे प्रसिद्ध झाले. ज्या आयरिश घरांतली मुले समुद्रापार गेली, त्यांनी ते आपलेसे केले. दूर जाणाऱ्या मुलाला मागे राहणारे माणूस सांगते, की तू परत येशील तेव्हा मी कदाचित मातीत असेन. तेव्हा माझी जागा शोध आणि तेथे गुडघे टेकून एक ‘नमो मारिया’ म्हण. ज्या घरांतली मुले आखातात, कॅनडात किंवा जहाजांवर आहेत, त्या घरांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

गाण्याने डोळे का भरून येतात, याचा शोध शास्त्रज्ञांनीही घेतला आहे. जॉन स्लोबोडा या इंग्रज मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. संगीतातील नेमक्या कोणत्या जागी अंगावर काटा येतो, कोठे डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी ८३ श्रोत्यांना विचारले होते. अश्रू आणणाऱ्या जागांत एक गोष्ट वारंवार आढळली. तेथे गाण्याचा स्वर आपल्या जागेपासून किंचित बाजूला पडतो, साथीच्या स्वरांशी क्षणभर झगडतो आणि मग हळूच उतरून आपल्या जागी येतो. ताण आणि सुटका. मूल हुंदका देते तेव्हा त्याच्या श्वासाचेही असेच काहीसे होते. गाणे जणू आपल्या आधी स्वतःच हुंदका देते आणि आपल्याला सोबत देते. शोकाकुल माणसाला उपदेशापेक्षा अशी सोबत अधिक हवी असते.

येथे एक सावधगिरीचा शब्दही लिहिला पाहिजे. सर्वच अश्रू सारखे नसतात. त्याच ऑगस्टीनने आपल्या पुस्तकाच्या पहिल्या भागात कबूल केले आहे, की मुलगा असताना तो काव्यातल्या डिडो राणीच्या मृत्यूवर रडला, पण स्वतःच्या आत्म्याच्या दुर्दशेवर रडला नाही. आपण दुःखी आहोत याचीच गोडी लागावी, त्यासाठी रोज रात्री गाणी लावून बसावे आणि सकाळी कोणाशी धड बोलू नये, असेही होऊ शकते. तरुण मुलांत आम्ही ते पाहिले आहे. आमची कसोटी साधी आहे. रडून उठल्यावर माणूस दार उघडतो की आणखी घट्ट लावतो, एवढे पाहावे. त्या फेब्रुवारीतल्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी आम्ही भावाकडे गेलो. शवपेटीपाशी त्याला जे बोललो त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, “फादर, मला तर ते आठवतही नव्हते.” त्याला आठवत होते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. मग दोघे मिळून उरलेल्या वाडीत गेलो आणि विहिरीच्या कठड्यावर पुष्कळ वेळ बसलो. त्या वेदीसेवक मुलाचीही आम्ही क्षमा मागितली. तो मात्र फारच गोंधळला.

तेव्हापासून दफनविधीत ‘रडू नका’ हे शब्द आम्ही उच्चारलेले नाहीत. लाजरसाला उठविणार हे ठाऊक असूनही प्रभूने त्याच्या कबरीपाशी अश्रू ढाळले, असे शुभवर्तमान सांगते. आशा असलेला माणूस रडत नाही, ही आमची समजूत त्या एका प्रसंगाने खोटी ठरते. जुन्या लॅटिन मिस्सापुस्तकात तर अश्रूंचे दान मागणाऱ्या खास प्रार्थना होत्या. तहानलेल्या लोकांसाठी खडकातून पाणी काढणाऱ्या देवाने आमच्या हृदयाच्या कठीणपणातूनही आपल्या पापांवर रडण्यासाठी आसवे काढावीत, असा त्यांतील एकीचा आशय. त्या प्रार्थना पश्चात्तापाच्या आसवांसाठी होत्या, हे खरे. पण डोळे कोरडे पडणे ही मागणे मागण्याजोगी अडचण आहे, हे त्या जुन्या लोकांना कळले होते. आम्ही मात्र तिला धीर समजून बसलो होतो.

आता त्या मुलीविषयी. महिन्याच्या मिस्सेनंतर ती देवळाच्या पायऱ्यांवर थांबली होती. चेहरा उतरलेला, पण डोळे निवळलेले. आम्ही विचारण्याआधीच म्हणाली, “फादर, तुमची चारही गाणी ऐकली. चांगली आहेत. पण मला काही रडू आले नाही.”

आमचा चेहरा पडला असावा. कारण ती किंचित हसली. मग तिने सांगितले. चार गाणी ऐकून झाल्यावर तिला आठवले, की आई नाताळच्या करंज्या तळायला बसली की स्वयंपाकघरात जिम रीव्हजची कॅसेट लावीत असे. आमच्या पिढीच्या घराघरांत तो आवाज होता. हा टेक्सासचा गायक ओठ मायक्रोफोनला जवळजवळ टेकवून हळुवार गात असे. ३१ जुलै १९६४ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो स्वतः चालवीत असलेले लहान विमान नॅशव्हिलजवळ कोसळून गेला. १९६६ साली त्याचे एक गाणे इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर आले, तेव्हा त्याला जाऊन दोन वर्षे झाली होती. माणूस गेला तरी आवाज घरात राहतो, याचे याहून मोठे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

“आईला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, फादर,” ती म्हणाली. “शब्दांच्या जागी ती आपले काहीतरी गुणगुणायची. मी मोबाइलवर तेच गाणे लावले. तो गात होता, आणि मला आईचे चुकीचे शब्द ऐकू येत होते.” इतके बोलून तिला पुन्हा भरून आले. या वेळी आम्ही शेजारच्या पायरीवर बसलो आणि काही बोललो नाही. जहाजावरच्या त्या गृहस्थांनी आम्हांला जे शिकविले होते, ते तरी निदान करता आले.

आमच्या यादीतले एकही गाणे तिच्या उपयोगी पडले नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. आपापली किल्ली आपापल्या घरातच कोठेतरी ठेवलेली असते. ती शोधायला कोणी सांगावे लागते, इतकेच.

पायऱ्या उतरताना तिने मागे वळून विचारले, “फादर, जेवलात का?”

आम्ही खरे ते सांगितले. तिच्या घरी त्या दिवशी आम्ही जेवलो.